एका फोटोच्या चार तारखा

डिसेंबर २०१२. अँटिव्हायरसमुळे जगभर नाव झालेला जॉन मॅकॅफी तेव्हा बेलीझमधून पसार झाला होता. शेजाऱ्याच्या खुनाच्या तपासात तिथल्या पोलिसांना त्याची चौकशी करायची होती. ‘व्हाइस’ या मासिकाच्या पत्रकारांनी त्याला गाठले आणि मोठ्या ऐटीत त्याच्यासोबतचा फोटो वेबसाइटवर टाकला. फोटो आयफोन ४एसवर काढलेला होता. वाचकांपैकी कुणीतरी तो उतरवून घेतला, आतले अक्षांश-रेखांश वाचले आणि ठिकाण सापडले: ग्वाटेमालातले रिओ दुल्से. ‘ती माहिती मीच मुद्दाम बदलली होती’ अशी थाप मॅकॅफीने आधी मारली. लवकरच त्याला आपला मुक्काम कबूल करावा लागला आणि बेकायदा प्रवेशाबद्दल ग्वाटेमालात अटकही झाली.

गंमत अशी, की ती थाप तांत्रिकदृष्ट्या अगदी पटण्याजोगी होती. अक्षांश-रेखांश बदलणे म्हणजे एका ओळीचे काम. फोटोत दडलेल्या माहितीबद्दलचे बहुतेक गैरसमज याच दोन टोकांवर असतात: एकाला ती माहिती असते हेच ठाऊक नसते, आणि ज्याला ठाऊक असते तो तिला ब्रह्मवाक्य मानतो.

ही माहिती म्हणजे मेटाडेटा. ती एका जागी, एका साच्यात असते हा पहिला गैरसमज. एक्झिफ हा साचा १९९५ मध्ये जपानमध्ये ठरला; त्यात कॅमेरा, लेन्स, तारीख, जीपीएस वगैरे नोंदी असतात. आयपीटीसी हा वृत्तसंस्थांच्या गरजेतून आलेला. एक्सएमपी अडोबीने २००१ मध्ये आणला. एकाच जेपेग फाइलमध्ये हे तिघेही सुखाने नांदतात, आणि तिघांत तीन वेगळ्या तारखा असल्या तरी फाइल तक्रार करत नाही.

या सगळ्या नोंदी वाचण्या-बदलण्यासाठी जगभर वापरले जाणारे साधन म्हणजे एक्झिफटूल. कॅनडातल्या फिल हार्वे यांनी ते पर्ल भाषेत लिहून २००३ मध्ये मोफत खुले केले. त्याला खिडक्या नाहीत, बटणे नाहीत. काळ्या पडद्यावर कमांड द्यायची. ‘हे प्रोग्रामर लोकांचे काम’ म्हणून बरेच जण इथूनच मागे फिरतात. प्रत्यक्षात एक्झिफटूल हा शब्द, एक मोकळी जागा, फाइलचे नाव आणि एंटर एवढे केले तरी पुरते. (इथल्या कमांड नागरीत लिहिल्या आहेत; टंकायच्या अर्थातच रोमनमध्ये.) मोबाइलवरच्या साध्या फोटोच्या बाबतीतही पडद्यावर ओळींची भलीमोठी रांग सरकते. त्यातल्या तारखांच्याच ओळी मोजल्या तर लक्षात येते: क्षण टिपल्याची एक, डिजिटल फाइल बनल्याची दुसरी, शेवटच्या फेरफाराची तिसरी, आणि संगणकाने स्वतःच्या सोयीने ठेवलेली चौथी.

घोळ होतो तो या चौथीमुळे. पेनड्राइव्हवरून फोटो उतरवले की विंडोज ‘तयार झाल्याची तारीख’ म्हणून त्या दिवसाची तारीख दाखवते, आणि घरोघरी ‘कॉपी केले तर सगळ्या तारखा गेल्या’ अशी हळहळ सुरू होते. गेलेले काही नसते. नुसत्या कॉपीने फाइलच्या आतली एक्झिफ तारीख हलत नाही.

आता आतली तारीख तरी खरी का? पुण्यातले डिसेंबरमधले लग्न घ्या. मुहूर्त सकाळी ११ वाजून ४१ मिनिटांचा. घरचा कॅमेरा भारतीय वेळेवर, आणि न्यू जर्सीहून आलेल्या मावसभावाचा कॅमेरा अजून तिकडच्याच वेळेवर. हिवाळ्यात दोन्हींत साडेदहा तासांचे अंतर. म्हणजे अंतरपाट दूर होतानाचा त्याचा फोटो रात्री १ वाजून ११ मिनिटांचा म्हणून नोंदला जातो. सगळे फोटो एका फोल्डरमध्ये टाकून वेळेनुसार लावले की आधी अक्षता पडतात आणि मग सकाळी नवरीला हळद लागते! एक्झिफच्या तारखेत मुळात टाइम झोनला जागाच नव्हती. ती २०१६ च्या २.३१ आवृत्तीत आली. आजचे फोन तो रकाना भरतात, जुने कॅमेरे नाहीत.

उपाय एका ओळीचा आहे. मावसभावाचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये काढायचे आणि कमांड द्यायची: एक्झिफटूल -ऑलडेट्स+=१०:३०, पुढे फोल्डरचे नाव. पहिल्या तिन्ही तारखा साडेदहा तासांनी पुढे सरकतात. मात्र ‘झाले की नाही’ अशा शंकेने तीच कमांड पुन्हा दिली, तर फोटो एकवीस तास पुढे जातात. प्रोग्राम विचारत बसत नाही.

व्हिडिओलाही हाच नियम लागू होतो असे समजून अनेक जण फसतात. एमपी४ आणि एमओव्ही फाइलमध्ये वेळ १ जानेवारी १९०४ पासूनच्या सेकंदांत मोजलेली असते, आणि प्रमाणानुसार ती जागतिक वेळ असायला हवी. म्हणून त्याच मुहूर्ताचा फोनवरचा व्हिडिओ एक्झिफटूलमध्ये ६ वाजून ११ मिनिटांचा दिसतो. तो चुकलेला नसतो, साडेपाच तास मागच्या घड्याळात लिहिलेला असतो. ‘क्विकटाइमयूटीसी’ हा पर्याय दिला की स्थानिक वेळ दिसते. पण कित्येक कॅमेरे प्रमाण धाब्यावर बसवून थेट स्थानिक वेळच नोंदतात, त्यामुळे आपला कॅमेरा कोणत्या जातीचा हे एकदा घड्याळाचाच व्हिडिओ काढून तपासलेले बरे. शिवाय व्हिडिओत ट्रॅक आणि मीडिया यांच्या तारखा वेगळ्या असतात. ऑलडेट्स त्यांना हात लावत नाही.

‘व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवले की सगळी माहिती पुसली जाते’ हे अर्धसत्य. फोटो म्हणून पाठवला तर ठिकाण, कॅमेरा, मूळ तारीख गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर फाइल जशीच्या तशी जाते, घराच्या अक्षांश-रेखांशांसकट. आलेल्या फोटोच्या नावात तारीख असते, पण ती फोटो काढल्याची असेलच असे नाही. त्या नावातून तारीख भरून घेण्याची सोय एक्झिफटूलमध्ये आहे, पण नावात तारखेपुढे ‘डब्ल्यूए०००७’ असा तुकडा असेल, तर त्यातले ०००७ हे आकडे ते वेळ समजून रात्री बारा वाजून सात मिनिटे भरू शकते. तेवढा तुकडा आधी छाटायला सांगावे लागते.

आता पुसण्याबद्दल. -ऑल= ही कमांड दिली की फोटो ‘स्वच्छ’ होतो, असे मानले जाते. होतो, पण जरा जास्तच. फोन उभा धरून काढलेला फोटो बऱ्याचदा आत आडवाच साठवलेला असतो; ‘हा वळवून दाखवा’ ही सूचना मेटाडेटात असते. ती गेली की आजोबा आडवे! रंगांचा प्रोफाइलही जातो आणि आयफोनच्या फोटोतले लाल-हिरवे रंग फिके दिसू लागतात. फक्त ठिकाण लपवायचे असेल तर -जीपीएस:ऑल= वापरून एक्झिफमधले जीपीएस तेवढे काढावे; एक्सएमपीतही ठिकाण असेल तर तेही पाहावे लागते. आणि एक मोठी फट राहते: एक्झिफटूल आपणहून मूळ फाइलची प्रत त्याच फोल्डरमध्ये, नावापुढे ‘_ओरिजिनल’ जोडून ठेवते. खबरदारी म्हणून हे उत्तमच. पण तो फोल्डर तसाच झिप करून पाठवणाऱ्याने पुसलेले आणि न पुसलेले, दोन्ही पाठवलेले असतात. पीडीएफमध्ये तर पुसलेली माहिती परतही आणता येते, हे हार्वे यांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहे.

मेटाडेटा बदलल्याने फोटोचा दर्जा घसरतो, ही भीती मात्र निराधार. एक्झिफटूल चित्राचे बिंदू पुन्हा दाबून लिहीत नाही.

मराठी वाचकांच्या कामाचा आणखी एक मुद्दा: फोटोत मराठी ओळी टिकत नाहीत ही तक्रार. जुन्या एक्झिफच्या वर्णनाच्या रकान्यात फक्त अ‍ॅस्की अक्षरांची सोय होती. मराठीसह इतर लिप्या सामावणाऱ्या यूटीएफ-८ ला तिथे अधिकृत जागा २०२३ च्या ३.० आवृत्तीत मिळाली. एक्सएमपीत ती पहिल्यापासून आहे. म्हणून ‘आजीची पंचाहत्तरी, वाई’ हे एक्सएमपीच्या डिस्क्रिप्शनमध्ये लिहावे. विंडोजच्या काळ्या पडद्यावर टंकताना अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटली, तर ओळी यूटीएफ-८ मजकूर फाइलमध्ये लिहून ती फाइल एक्झिफटूलला द्यावी.

‘एक्झिफमध्ये तारीख आहे, म्हणजे पुरावा पक्का’ असे छातीठोकपणे सांगणारेही भेटतात. जी तारीख एका कमांडने साडेदहा तास सरकते, ती दहा वर्षेही सरकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे तिच्या आतल्या मजकुरावरून गणिताने काढलेली खूण, नोंदवावे लागते, ते याचसाठी: नोंदीनंतर फाइलमध्ये एक अक्षर बदलले तरी हॅश जुळत नाही. नोंदीआधी काय घडले हे मात्र हॅशही सांगत नाही.

शेवटचा गैरसमज असा, की नुसते वाचण्यात कसला धोका? २०२१ मध्ये एक्झिफटूलच्या डेजाव्हू फाइल वाचणाऱ्या भागात एक भगदाड सापडले. मुद्दाम तशी बनवलेली फाइल वाचायला दिली, की हल्लेखोराची कमांड संगणकावर चालत असे. चढवलेल्या चित्रांतला मेटाडेटा काढण्यासाठी एक्झिफटूल वापरणाऱ्या गिटलॅब या प्रोग्रामरांच्या प्रणालीच्या अनेक सर्व्हरमध्ये हल्लेखोर याच वाटेने शिरले. १२.२४ आवृत्तीत ते भगदाड बुजवले गेले. संगणकावर एक्झिफटूल आधीपासून असेल, तर -व्हेर ही कमांड देऊन आकडा पाहावा, तो १२.२४ पेक्षा कमी असेल तर एकही फोटो उघडण्याआधी नवी आवृत्ती उतरवून घ्यावी.