रक्ततपासणीतील वाढलेले कॅल्शियम : अर्थ आणि कारणमीमांसा

बीजसंज्ञा : कॅल्शियम, परावटू ग्रंथी, अल्ब्युमिन, 'ड' जीवनसत्त्व

प्रस्तावना :
कॅल्शियम म्हणजे हाडांचे पोषण, असे समीकरण समाजमनात रूढ आहे. त्यामुळे रक्ततपासणीच्या अहवालात कॅल्शियम अधिक आढळल्यास काही जण ते सुदृढतेचे लक्षण मानतात, तर काही जण घाबरून दूध सोडतात. या दोन्ही प्रतिक्रिया अपुऱ्या माहितीतून उद्भवतात. अनेकदा रक्तातील हे वाढीव कॅल्शियम हाडांतूनच निघालेले असते. म्हणजेच रक्तात भर आणि हाडांत तूट, अशी ती अवस्था असते. तिचे शास्त्रीय आकलन करून देणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कॅल्शियमचे नियमन :
शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडे व दातांत असते. उर्वरित अत्यल्प भागावर स्नायूंचे आकुंचन, मज्जातंतूंचे संदेशवहन आणि रक्त गोठण्याची क्रिया अवलंबून असते. रक्तातील प्रमाण स्थिर राखण्याचे कार्य मुख्यतः मानेतील परावटू ग्रंथी करतात. त्या सामान्यतः चार असतात. कॅल्शियम घटले की त्यांचे संप्रेरक वाढते. ते हाडांतून कॅल्शियम मोकळे करते, मूत्रावाटे होणारा त्याचा ऱ्हास रोखते आणि 'ड' जीवनसत्त्व सक्रिय करून आतड्यातील शोषण वाढविते.

या ग्रंथींचा शोध रंजक आहे. १८४९ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मरण पावलेल्या भारतीय गेंड्याच्या शवविच्छेदनात रिचर्ड ओवेन यांना ही ग्रंथी दिसली. मानवातील ग्रंथींचे वर्णन स्वीडनमधील इव्हार सँडस्ट्रॉम यांनी १८८० मध्ये केले, तर १९२५ मध्ये व्हिएन्ना येथे फेलिक्स मांडल यांनी वाढलेली परावटू ग्रंथी काढून अस्थिविकाराच्या रुग्णाला आराम दिला.

अहवालाचे वाचन :
प्रौढांत एकूण कॅल्शियमचे प्रमाण सामान्यतः दर डेसिलिटरला ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम असते. प्रयोगशाळेनुसार या मर्यादेत थोडा फरक पडतो. यातील सुमारे निम्मे कॅल्शियम मुक्त व कार्यक्षम असते. उरलेल्यापैकी बहुतांश अल्ब्युमिन या प्रथिनाशी बद्ध असते. म्हणून अल्ब्युमिन ४ ग्रॅमपेक्षा जितके कमी, त्याच्या ०.८ पट आकडा कॅल्शियममध्ये मिळविण्याची ढोबळ पद्धत आहे. उदाहरणार्थ, कॅल्शियम १० आणि अल्ब्युमिन २.५ असल्यास दुरुस्त प्रमाण ११.२ येते, वरकरणी निर्दोष दिसणारा अहवाल प्रत्यक्षात तसा नसतो. उलटपक्षी, शरीरातील पाणी कमी झाल्यास किंवा रक्त घेताना दंडाला पट्टा दीर्घकाळ आवळल्यास आकडा फसवा वाढतो. त्यामुळे पुनर्तपासणी आवश्यक ठरते.

कारणमीमांसा :
सुमारे ९० टक्के रुग्णांत परावटू ग्रंथीची अतिक्रिया किंवा कर्करोग यांपैकी एक कारण असते. यांतील भेद संप्रेरकाच्या तपासणीने कळतो. कॅल्शियम वाढलेले असताना संप्रेरक घटावयास हवे. ते वाढलेले किंवा 'सामान्य' असल्यास दोष बहुधा ग्रंथीत असतो. ते घटलेले असल्यास कर्करोग, क्षयरोग, सार्कॉइडोसिस किंवा 'ड' जीवनसत्त्वाचा अतिरेक यांचा शोध घ्यावा लागतो. थायाझाइड गटातील व लिथियमयुक्त औषधांमुळेही कॅल्शियम वाढू शकते.

भारतीय संदर्भात 'ड' जीवनसत्त्वाचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. आठवड्यातून एकदा घ्यावयाची ६०,००० युनिटची मात्रा रोज घेतली जाणे, किंवा ६ लाख युनिटची इंजेक्शने वारंवार टोचून घेणे, यातून विषबाधा संभवते. हे जीवनसत्त्व मेदात साठत असल्याने औषध थांबविल्यानंतरही परिणाम दीर्घकाळ टिकतो. याउलट, त्याच्या कमतरतेमुळे परावटू ग्रंथीचा विकार असूनही कॅल्शियम सामान्य भासू शकते.

लक्षणे व गांभीर्य :
अति तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठता, थकवा, मुतखडा, हाडे दुखणे ही प्रमुख लक्षणे होत. १२ पर्यंतची वाढ सौम्य मानली जाते व ती अनेकदा लक्षणांविना आढळते. १४ च्या पुढील वाढ मात्र तातडीच्या उपचारांची बाब आहे. तीत संभ्रम, बेशुद्धी व हृदयाच्या ठोक्यांत अनियमितता येऊ शकते.

समारोप :
सारांश, वाढलेले कॅल्शियम हा स्वतंत्र रोग नसून मूळ कारणाकडे निर्देश करणारी खूण आहे. केवळ आहारातून दूध वगळल्याने ते कारण दूर होत नाही. पुनर्तपासणी, अल्ब्युमिन, संप्रेरक आणि घेतलेल्या औषधांची संपूर्ण यादी, या क्रमाने वैद्यकीय सल्ल्याने शोध घेतल्यास अनाठायी भीती व घातक दुर्लक्ष हे दोन्ही टाळता येतात.