परदेशात पैसा काढताना : बटण कोणते, चलन कोणते?

शनिवार, ११ ऑगस्ट २०१८. त्या दिवशी पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या बनावट कार्डांवर जगातील २८ देशांत एटीएममधून पैसे निघत होते. काही तासांत सुमारे १२ हजार व्यवहार होऊन ७८ कोटी रुपये गेले. भारतातही अडीच कोटी काढले गेले. सोमवारी, १३ तारखेला, आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळवण्यात आले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी ११ जणांना शिक्षा सुनावली.

त्यानंतर आमच्या रविवार पेठेतील पुष्कळ व्यापारी बांधवांनी एकच धडा घेतला : परदेशी जाताना कार्ड नको, बंडीच्या खिशात नोटा बऱ्या. हा धडा आम्हाला पटत नाही. चोरांनी ग्राहकांचे खिसे कापले नव्हते. पैसे द्यावेत की नाही हे ठरवणाऱ्या बँकेच्या यंत्रणेतच त्यांनी शिरकाव केला होता, आणि खातेदारांच्या शिलकीला धक्का लागला नसल्याचे बँकेने तेव्हाच जाहीर केले. उलट बंडीतली रोकड एकदा गेली की कोणाकडे दाद मागणार? आमच्या लोकांचे नुकसान होते ते अशा मोठ्या दरोड्यात नव्हे, तर दोन-तीन साध्या गोष्टी ठाऊक नसल्यामुळे.

पहिली गोष्ट बटणाची. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १६ मार्च २०२० पासून नवे कार्ड केवळ भारतातील वापरापुरते सुरू करून मिळते. परदेशातील वापर ग्राहकाने स्वतः सुरू करायचा असतो, आणि रोजची मर्यादाही स्वतःच ठरवायची असते. आमच्या परिचयाचे एक व्यापारी तयार कपड्यांचे नमुने पाहायला बँकॉकच्या प्रतुनाम बाजारात गेले. खात्यात रक्कम होती, कार्ड खिशात होते, पण परदेशाचे बटण बंद. ते सुरू करायचे तर ओटीपी हवा, आणि भारतातले सिम तिथे मुके. शेवटी सुरतेच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडून उसने घेऊन त्यांनी हॉटेलचे बिल भागवले. तेव्हा निघण्यापूर्वी घरी बसूनच बटण सुरू करावे, मर्यादा गरजेपुरती ठेवावी, सिमचे रोमिंग चालू करावे आणि परतताच बटण बंद करावे. रोमिंगचा खर्च वाटतो तेवढा फुकट जात नाही. आपण न केलेला व्यवहार झाल्याचा संदेश आला आणि दोष आपला वा बँकेचा नसून तिसऱ्याचाच असला, तर तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवणाऱ्याची जबाबदारी शून्य, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे. संदेशच पाहिला नाही तर कळवणार काय?

दुसरी गोष्ट चलनाची, आणि इथे शिकलेले लोकही फसतात. दुबईच्या दुकानात कार्ड घातले की मशीन अदबीने विचारते, रक्कम दिरहममध्ये की रुपयांत? रुपये पाहून जीव सुखावतो. पण रुपये निवडले की दर तिथल्या मशीनवाल्याचा लागतो, आणि त्याचा नफा त्यातच मिसळलेला असतो. शिवाय परदेशात रुपयांत व्यवहार केला म्हणून आपल्याकडील अनेक बँका वेगळे शुल्क लावतात. दुकान असो की एटीएम, नेहमी त्या देशाचेच चलन निवडावे.

त्या देशाचे चलन निवडले तरी खर्च उरतोच. अनेक क्रेडिट कार्डांवर परदेशी चलनाचा आकार साडेतीन टक्के असतो, त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे लाखाच्या खरेदीवर ४,१३० रुपये. घाऊक कापडात चार टक्के सुटले तर आम्ही सौदा बरा झाला म्हणतो! आणि क्रेडिट कार्डाने रोकड तर काढूच नये. खरेदीला बिल भरण्याची जी बिनव्याजी मुदत मिळते ती रोख रकमेला नसते. त्याच दिवसापासून व्याज चालू होते, आणि वर शुल्क वेगळे. ज्यांना व्याजापासून दूर राहायचे आहे त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. रोकड हवीच असेल तर डेबिट कार्ड किंवा आधी पैसे भरलेले फॉरेक्स कार्ड बरे, आणि तेही ज्या देशात जायचे त्याच चलनात भरलेले. थायलंडमध्ये परदेशी कार्डावर प्रत्येक वेळी दोनशेहून अधिक बाट मशीनच कापते, म्हणून चार वेळा थोडे काढण्यापेक्षा एकदाच पुरेसे काढावे.

चीनमधील केचियाओच्या कापड बाजारात जाणाऱ्यांची तऱ्हा निराळी. तिथे लहानसहान दुकानदारही मोबाइलवरच पैसे घेतो. २०२३ पासून अलीपे आणि वीचॅटला परदेशी व्हिसा, मास्टरकार्ड जोडता येते. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला त्यांचे शुल्क नाही, त्यापुढे तीन टक्के. ही जोडणीही पुण्यातच करून निघावे. एक खुलासा मात्र केला पाहिजे. हे सारे प्रवासखर्चाचे मार्ग आहेत. मागवलेल्या मालाचे पैसे आयातदाराच्या बँकेतून, बीजक दाखवूनच जायला हवेत. हवालावाल्याचा दर गोड लागतो, पण फेमाखाली चौकशी सुरू झाली की गल्ला आणि झोप दोन्ही जाते.

थोडी रोकड जवळ असावीच. बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला नोटांच्या रूपात ३,००० डॉलरपर्यंत परकीय चलन मिळते. ५० हजार रुपयांहून अधिकची खरेदी असेल तर रक्कम बँकेमार्फत द्यावी लागते. हज-उमराहच्या यात्रेकरूंना नोटांच्या बाबतीत सवलत आहे. पूर्वी हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांच्या हाती निघताना २,१०० रियाल पडत असत. २०२३ पासून ती सोय बंद झाली आणि ज्याने त्याने आपली व्यवस्था करायची असे ठरले. आमच्या वडीलधाऱ्या मंडळींपैकी अनेकांनी एटीएमला कधी हात लावलेला नाही. त्यांना मक्केत पहिल्यांदा शिकवण्यापेक्षा कोंढव्याच्या एटीएमवर दोनदा पिन दाबायला लावावा. रियाल आणि कार्ड एकाच बटव्यात देऊ नयेत, आणि पिन कार्डाच्या पाकिटावर लिहून तर मुळीच देऊ नये.

परतल्यावर उरलेले परकीय चलन १८० दिवसांच्या आत बदलून घ्यावे. २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा जवळ ठेवता येतात. परदेशी नाण्यांना मर्यादा नाही, ती पोरांना खेळायला द्यावीत.