बंद खोलीतली हवा – लेखांक ५ : खिडकी कधी उघडायची?

कोणता सेन्सर काय मोजतो, हे आपण गेल्या लेखात पाहिले. आता पुढचा प्रश्न : आकडा हाती आल्यावर करायचे काय? त्यासाठी पुण्याच्या कसबा पेठेसारखी दाट वस्तीच घेतलेली बरी. चौकाभोवती खोल्या असलेल्या वाड्यांच्या जागी इथे भिंतीला भिंत लागलेल्या इमारती उभ्या राहिल्या. खाली दुकान, वर दवाखाना, क्लास, त्याच्याही वर स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांची अभ्यासिका. चौक गेला आणि त्याबरोबर खोलीतून आरपार वाहणारी हवाही गेली. खिडक्या उरल्या त्या बहुधा पुढे किंवा मागे. ही उणीव एसीने भरून निघते, असा सर्रास समज आहे. पण भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा पुनःपुन्हा थंड करतो. बाहेरची हवा तो आत आणत नाही. अशा खोलीत एकटा सेन्सर अर्धीच गोष्ट सांगतो आणि प्रसंगी चुकीचा निर्णय घ्यायला लावतो. आतला कार्बन डायऑक्साइड आणि आतले-बाहेरचे सूक्ष्म धूलिकण ही मोजमापे शेजारी शेजारी ठेवली, तरच खिडकीचा प्रश्न सुटतो.

थोडा हिशेब करू. पंचवीस फूट लांब, वीस फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा अभ्यासिकेत तीस जण बसले आहेत, असे धरा. स्वस्थ बसलेला माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. खोली अगदी बंद असेल, तर बाहेरच्या ४२० पीपीएमवरून (दशलक्ष भागांत ४२० भाग) हे प्रमाण पहिल्या पंधरा-सोळा मिनिटांतच १४०० पीपीएमच्या पुढे जाईल. प्रत्यक्षात फटींमधून थोडी हवा येत-जात असल्याने वेग कमी पडतो, दिशा मात्र तीच राहते. उलट माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा मिळाली, तर आकडा नऊशेच्या आसपास स्थिरावतो. हजार पीपीएमची खूणगाठ म्युनिकच्या माक्स फॉन पेटनकोफर यांनी १८५८ मध्येच बांधली होती. त्यांच्या दृष्टीने तो वायू हे विष नव्हते. किती उच्छ्वास खोलीत साठला आहे, याचे ते माप होते.

मग खिडकी उघडून मोकळे का होऊ नये? कारण बाहेर शिवाजी रस्त्याची वाहतूक आहे. हिवाळ्यात रात्री जमीन निवते, तिच्या लगतची थंड हवा वर जात नाही आणि धूर, धूळ खालीच कोंडून राहतात. दुपारी ऊन तापले की हवेचे थर मिसळतात आणि प्रदूषण विरळ होते. पीएम २.५ साठी, म्हणजे या सूक्ष्म धूलिकणांसाठी, आपले २००९ चे राष्ट्रीय मानक चोवीस तासांच्या सरासरीला ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस १५ ची. आयआयटीएम या हवामान संस्थेची ‘सफर’ यंत्रणा पुण्याच्या हवेचा अंदाज देते, पण तो शहराचा. आपल्या गल्लीतली त्या घडीची स्थिती तिला कळत नाही. खिडकीबाहेरचा सेन्सर ती सांगतो. डिसेंबरात खिडकी दुपारी उघडावी, सकाळ-संध्याकाळ गाळणी बसवलेल्या पंख्याने हवा आत घ्यावी. पावसाळ्यात बहुतेक वेळ खिडकी उघडी चालते. धूलिकणांचे माप लागण्याचे आणखी एक कारण : कसबा पेठेतल्या तांबट आळीत कल्हई करताना उठणारा नवसागराचा पांढरा धूर कार्बन डायऑक्साइडच्या सेन्सरला दिसतच नाही.

स्वस्तातले सेन्सर भरवशाचे नसतात, हा आक्षेप खरा आहे आणि त्याचे स्वरूप नीट समजून घ्यायला हवे. धूलिकणांचा सेन्सर कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजतो. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि जुलैत आकडा उगाच वाढतो. काही स्वस्त यंत्रे तर कार्बन डायऑक्साइड मोजतच नाहीत, इतर वायूंवरून तो अदमासाने दाखवतात. म्हणून अवरक्त किरणांनी मोजणारा सेन्सरच घ्यावा. त्यातही एक खोच आहे. असे अनेक सेन्सर आठवडाभरातला सर्वांत कमी आकडा म्हणजे बाहेरची हवा, असे धरून स्वतःला जुळवून घेतात. चोवीस तास भरलेल्या अभ्यासिकेत ती पातळी कधी येतच नाही, त्यामुळे यंत्र हळूहळू कमी आकडा दाखवू लागते. उपाय सोपा : ही स्वयंचलित सोय बंद करावी आणि सेन्सर अधूनमधून गच्चीवर नेऊन जुळवावा. शिवाय आत-बाहेर एकाच जातीची यंत्रे ठेवली, तर दोन्हींची चूक बरीचशी सारखी असते आणि निर्णयाला लागणारा फरक तरीही हाती येतो.

‘सेन्सरशिवाय पिढ्या शिकल्या’ असे कुणी म्हणेल. शिकल्या खऱ्या, पण बंद एसी खोलीत बारा-बारा तास बसून नव्हे. हजार पीपीएमला निर्णयक्षमता घटते, असे २०१२ च्या एका अमेरिकी प्रयोगात दिसले; नंतरच्या प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, म्हणून सगळा भार मी त्यावर टाकणार नाही. दुसऱ्याचा उच्छ्वास आपला श्वास होतो तिथे क्षयासारखा हवेतून पसरणारा रोगही वाटून घेतला जातो, एवढे कारण पुरेसे आहे. विजेच्या बिलाची धास्तीही रास्त आहे : एप्रिलच्या दुपारी बाहेरची हवा आत घेतली की एसीचे काम वाढते. म्हणूनच हवा आत घेणारा पंखा दिवसभर न चालवता कार्बन डायऑक्साइडचा आकडा हजाराला टेकला की सुरू व्हावा आणि आठशेवर आला की थांबावा. गरजेपुरतीच हवा घेण्याची ही रीत मोठ्या कार्यालयांत रुळलेली आहे. एका खोलीला ती जड जाऊ नये. मात्र जिथे खिडकीच नाही, तिथे सेन्सर फक्त तक्रार नोंदवील. तिथे भिंतीला भोक पाडून पंखा बसवणे हे मालकाचे काम, आणि महिन्याचे शुल्क भरणाऱ्यांनी ते मागायला हवे. तो पंखा किती क्षमतेचा असावा आणि गाळणी कोणती, हे पुढील लेखात.