पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरचे ताट

लठ्ठपणा कमी करण्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया करतात, ही गोष्ट आता आपल्या भागातील लोकांना नवी राहिलेली नाही. ओळखीत, नात्यात कोणी ना कोणी मुंबई, पुणे किंवा नाशिकला जाऊन ती करून आलेले असते. शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होते, तीन-चार दिवसांत रुग्ण घरी येतो आणि मग घरच्यांपुढे खरा प्रश्न उभा राहतो : आता याला खायला काय द्यायचे? माझ्या दवाखान्यात असे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक वरचेवर येतात. त्यांच्या शंका जवळपास सारख्याच असतात, म्हणून आजच्या लेखात त्यांची एकत्रित उत्तरे देत आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. सर्जनचे काम दोन-तीन तासांचे असते. पुढचे काम घरच्या स्वयंपाकघराचे आणि ते जन्मभराचे असते.

शस्त्रक्रियेत काय बदलते?

अशा शस्त्रक्रियांची सुरुवात अमेरिकेत १९६६ साली डॉ. एडवर्ड मेसन या सर्जननी केलेल्या 'गॅस्ट्रिक बायपास'पासून मानतात. आज दोन प्रकार जास्त प्रचलित आहेत. पहिला 'स्लीव्ह'. यात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक ठेवतात. दुसरा 'बायपास'. यात जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी पिशवी करतात आणि ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. अन्न जठराचा बाकी भाग आणि आतड्याची सुरुवात यांना वळसा घालून जाते.

भूक चाळवणारे एक संप्रेरक जठराच्या वरच्या भागात तयार होते. स्लीव्हमध्ये तो भागच निघून जातो, म्हणून निदान सुरुवातीला तरी भूक फार कमी लागते. वजन उतरायला याची मदत होते; पण धोकाही त्यातच आहे. ज्याला भूक लागत नाही आणि चार घासांतच पोट भरते, त्याच्या शरीराला लागणारी पोषकद्रव्ये त्या चार घासांतूनच मिळायला हवीत. म्हणून प्रत्येक घास निवडून खावा लागतो.

पहिले दोन महिने

जठराला घातलेले टाके नीट भरून येईपर्यंत त्यावर ताण पडता कामा नये. त्यामुळे आहार पायरीपायरीने वाढवतात. प्रत्येक रुग्णालयाचे वेळापत्रक थोडे वेगळे असते, तेव्हा आपल्या सर्जननी दिलेला तक्ता प्रमाण मानावा. साधारण क्रम असा असतो :

पहिले एक-दोन दिवस फक्त पाणी आणि गाळलेले पातळ पदार्थ, तेही घोट-घोट. त्यानंतर दुसऱ्या आठवड्याच्या अखेरपर्यंत साय काढलेले दूध, ताक, पातळ सूप, दुधात किंवा पाण्यात कालवलेली प्रथिनांची पावडर. साखर नाही.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घोटलेले अन्न. मऊ शिजवून घोटलेले मुगाचे वरण, दही, कुस्करलेले पनीर, घोटलेला दुधी किंवा लाल भोपळा आणि चालत असल्यास मऊ अंडे. एका वेळी तीन-चार चमच्यांपासून सुरुवात करावी.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात मऊ अन्न : मुगाचे मऊ धिरडे, काटे काढलेला मासा, शिजवलेली भाजी. सुमारे दोन महिन्यांनी नेहमीचे जेवण हळूहळू सुरू होते.

आपल्याकडे आजारी माणसाला 'वरणाचे पाणी' देण्याची पद्धत आहे. पहिल्या दिवशी ते ठीक आहे. पण वरच्या निवळीत प्रथिने नावालाच असतात, ती खालच्या डाळीत असतात. महिनाभर निवळीवर ठेवलेला रुग्ण अशक्त होणारच.

भात आणि मऊ पोळी यांची घाई करू नये. पोळीचा नीट न चावलेला घास गोळा होऊन अडकतो आणि भातानेही अनेकांना छातीत दाटल्यासारखे होते. पोळीपेक्षा ज्वारीची भाकरी दाट वरणात कुस्करून पुष्कळांना सोसते.

आधी प्रथिने, मग बाकीचे

वजन झपाट्याने उतरते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही झिजतात. ही झीज रोखण्यासाठी दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिने लागतात. आपल्या ताटात पोळी-भाताचा वाटा मोठा आणि वरण-उसळीचा लहान असतो. या रुग्णाने ताट उलटे वाचावे : आधी वरण, उसळ, पनीर, अंडे किंवा मासा, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरीचा चतकोर.

शाकाहारी माणसासाठी तीन-चार महिन्यांनंतरचा हिशेब पाहा. २०० मिलिलिटर दूध : ६ ग्रॅम प्रथिने. ३० ग्रॅम मूगडाळीची धिरडी : ७ ग्रॅम. ५० ग्रॅम पनीर : ९ ग्रॅम. ३० ग्रॅम तुरीचे दाट वरण : ७ ग्रॅम. २० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या : १० ग्रॅम. ३० ग्रॅम मटकीची उसळ : ७ ग्रॅम. १०० ग्रॅम दही : ३ ग्रॅम. मूठभर, म्हणजे २५ ग्रॅम फुटाणे : ५ ग्रॅम. (डाळ, मटकी आणि वड्या कोरड्या मोजल्या आहेत.) बेरीज होते ५४. एवढे सगळे खाऊनही ६० भरत नाहीत! दोन अंडी चालत असतील तर आणखी १२ ग्रॅम मिळतात. म्हणूनच सुरुवातीच्या महिन्यांत आहारतज्ज्ञ प्रथिनांची पावडर सुचवतात. 'पावडर म्हणजे पहिलवानांचे खाणे' असे समजून ती बंद करू नये.

तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान पुष्कळांचे केस गळतात. वजन वेगाने उतरल्यामुळे असे होते आणि बहुधा ते तात्पुरते असते. मात्र प्रथिने किंवा लोह कमी पडले तर ते लांबते.

पाणी वेगळे, जेवण वेगळे

दिवसभरात निदान दीड लिटर पाणी पोटात जायला हवे. पण तांब्या तोंडाला लावून गटागट पिण्याचे दिवस संपले. जवळ बाटली ठेवून घोट-घोट प्यावे. जेवताना आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी पिऊ नये. लहान जठरात पाण्याने जागा भरली तर अन्न मावत नाही आणि उलटी होते. सोडा आणि शीतपेयेही टाळावीत. घास बारीक चावून, वीस ते तीस मिनिटे घेऊन जेवावे आणि पोट भरल्याची पहिली खूण मिळताच थांबावे. 'ताटात टाकायचे नाही' म्हणून घेतलेला शेवटचा घासच नेमका बाहेर येतो. तेव्हा ताटात वाढतानाच कमी वाढावे.

गोडाचा झटका

बायपासनंतर उसाचा रस, श्रीखंड, गुलाबजाम असे गोड पदार्थ एकदम आतड्यात उतरतात. मग अर्ध्या तासाच्या आसपास धडधड, घाम, पोटात कळ आणि जुलाब होतात. काहींना एक ते तीन तासांनी रक्तातील साखर घसरून थरथर आणि चक्कर येते. लोक याला 'बीपी कमी झाले' म्हणतात आणि वर साखरपाणी देतात. साखर खरोखर घसरली असेल तर त्या क्षणी ते योग्यच; पण खरा उपाय म्हणजे मुळात गोड टाळणे आणि थोडे-थोडे, प्रथिनयुक्त खाणे.

उलटी अंगावर काढू नका

या लेखातले सर्वांत महत्त्वाचे आता सांगतो. घाईने खाल्ल्यावर एखादी उलटी होणे वेगळे आणि रोज उलट्या होणे वेगळे. 'ऑपरेशननंतर असे व्हायचेच' म्हणून घरचे थांबतात. पण जीवनसत्त्व ब-१ चा साठा शरीरात केवळ दोन-तीन आठवडे पुरेल एवढाच असतो. खाणे जवळजवळ बंद आणि त्यात उलट्या, असे झाले की तो संपतो आणि मेंदूवर परिणाम होतो.

शेजारच्या तालुक्यातील चाळिशीच्या एक शिक्षिका अशाच आमच्याकडे आल्या. शस्त्रक्रियेला दोन महिने होत आले होते आणि तीन आठवडे उलट्या चालू होत्या. अशक्तपणा म्हणून त्यांना दोन-तीन वेळा ग्लुकोजची सलाईन लावली गेली होती. "डॉक्टर, हिला एकाचे दोन दिसतात आणि चालताना झोक जातो," असे त्यांचे यजमान म्हणाले. आम्ही लगेच ब-१ ची इंजेक्शने शिरेतून सुरू केली. दृष्टी दोन-तीन दिवसांत सुधारली, पण चाल सावरायला चार महिने लागले. आणखी उशीर झाला असता तर स्मरणशक्ती कायमची गेली असती.

ग्लुकोज वापरण्यासाठी शरीराला ब-१ लागते. साठा रिकामा असताना नुसते ग्लुकोज दिले की उरलेसुरले ब-१ ही खर्च होते. म्हणून अशा रुग्णाला आधी ब-१ चे इंजेक्शन आणि मगच ग्लुकोज, हा नियम आहे. रुग्णाच्या घरच्यांनीही सलाईन लावताना डॉक्टरांना स्पष्ट सांगावे : "यांची वजनाची शस्त्रक्रिया झाली आहे आणि इतक्या दिवसांपासून उलट्या आहेत." यात डॉक्टरांचा अपमान नाही. ही माहिती त्यांना हवीच असते.

गोळ्या जन्मभराच्या

वर्षभरात वजन उतरते, मधुमेह आटोक्यात येतो, माणूस टवटवीत दिसू लागतो आणि 'आता कशाला गोळ्या?' म्हणून त्या बंद करतो. ब-१२ चा साठा यकृतात काही वर्षे पुरतो, त्यामुळे चूक लगेच कळत नाही. दोन-तीन वर्षांनी पायांना मुंग्या, थकवा, विसराळूपणा सुरू होतो. शाकाहारी माणसांत ब-१२ आधीच कमी असते, त्यांनी तर ही गोळी कधीच सोडू नये.

सर्वसाधारणपणे रोज एक संपूर्ण जीवनसत्त्वांची गोळी, ब-१२, जीवनसत्त्व ड, लोह आणि कॅल्शियम लागते. कॅल्शियम अन्नासकट दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम मिळावे, तर पाळी येणाऱ्या स्त्रियांना ४५ ते ६० मिलिग्रॅम लोहाची गरज असते. लोह आणि कॅल्शियम यांच्या गोळ्यांत दोन तासांचे अंतर ठेवावे आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये. पहिल्या वर्षी दर तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी रक्ततपासणी करावी.

आग्रह आणि उपवास

आपल्याकडे 'आणखी एक घ्याच' म्हटल्याशिवाय पंगत पुरी होत नाही. एक आजी सुनेबद्दल मला म्हणाल्या, "अहो, एवढंसं खाऊन माणूस जगतं का?" मी त्यांना म्हटले, "आजी, जगतं; फक्त ते एवढंसं कसदार पाहिजे." त्या दिवसापासून त्या सुनेला भाताऐवजी घट्ट वरण वाढू लागल्या. जास्त वाढण्यापेक्षा वेळेवर, थोडे आणि कसदार वाढणे, हीच या माणसावरची माया.

उपवासाचेही तसेच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिने नाहीतच. उपवास करायचाच तर दही, ताक, पनीर, राजगिरा, शेंगदाण्याची आमटी घ्यावी. निर्जळी उपवास मात्र करू नये.

काही पथ्ये

मधुमेह आणि रक्तदाब यांची औषधे शस्त्रक्रियेनंतर बहुधा लवकरच कमी करावी लागतात. जुनाच डोस चालू ठेवला तर साखर घसरते. म्हणून तपासून डॉक्टरांकडून बदल करून घ्यावा. डोके किंवा गुडघा दुखला म्हणून दुकानातून दुखण्याची गोळी आणून खाऊ नये. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी, विशेषतः बायपासनंतर, जोडाच्या जागी अल्सर होतो. तंबाखू आणि विडी-सिगारेटनेही तेच होते. दारू लवकर आणि जास्त चढते, तिचे व्यसन लागण्याचा धोकाही वाढतो. स्त्रियांनी १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी; बायपासनंतर संततिनियमनाच्या गोळ्यांवर विसंबता येत नाही, तेव्हा दुसरा उपाय विचारून घ्यावा.

घरी आल्यापासून रोज चालावे. त्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका घटतो. पहिल्या दोन आठवड्यांत ताप, दम, पोटात किंवा खांद्यात वाढती वेदना, नाडी १२० च्या वर, पायाला सूज, काळी शौच यांपैकी काहीही आढळले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. पाणीही पोटात टिकत नसेल तर केव्हाही तेच करावे. बायपास झालेल्या माणसाच्या पोटात काही वर्षांनी जरी एकाएकी तीव्र कळा आल्या, तरी तो 'गॅस' समजू नये. आतडे अडकलेले असू शकते.

शेवटी एक साधी सूचना. रुग्णालयातून मिळालेल्या डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स काढून पाकिटात किंवा पर्समध्ये कायम ठेवावी. शस्त्रक्रियेचा प्रकार, तारीख आणि सर्जनचा फोन नंबर त्यावर ठळक लिहावा. गावातल्या कोणत्याही डॉक्टरांकडे, कोणत्याही कारणाने गेलात, तरी तो कागद आधी पुढे करावा.