दहा बाय दहाच्या खोलीत कोणती लेन्स?

चितेगावातल्या एका कामगाराच्या दहा बाय दहाच्या खोलीत आम्ही त्याच्या आजींचा फोटो काढायला गेलो. सोबत उसनी आणलेली ७०-२०० ची झूम लेन्स. आजी नवं लुगडं नेसून बसलेल्या. आम्ही मागे सरकत भिंतीला टेकलो, तरी फोटोत निम्म्याच आजी! लहान सेन्सरच्या नेहमीच्या कॅमेऱ्यावर, २०० मिलिमीटरने छातीपर्यंतचा फोटो घ्यायचा तर अठरा फूट तरी मागे जावे लागते. मग साधी १८-५५ लावली, झूम १८ वर ठेवून अगदी जवळ गेलो. नाक फुगले. आजी म्हणाल्या, "ही मी न्हाय."

दोष अंतराचा होता. दीड फुटावरून नाक कानांपेक्षा बरेच जवळ असते, म्हणून मोठे दिसते. साडेचार फूट मागे जाऊन झूम ५० वर न्या, चेहरा ठिकाणावर येतो. खुर्चीवर बसलेला माणूस ३५ वर सात फुटांत पूर्ण मावतो.

तेव्हा घरगुती फोटो काढणाऱ्या आमच्या तरुणांनी लांब लेन्सवर पगार घालवू नये. १७-५० ची, सगळ्या झूमवर एफ २.८ राहणारी लेन्स घ्यावी. जुनी चालेल, फक्त काचेत बुरशी नाही ना ते उजेडात धरून पाहावे. साधी १८-५५ ही ५५ वर एफ ५.६ च देते, २.८ वर त्याच्या चौपट उजेड आत येतो. एकच खिडकी असलेल्या खोलीत हे फार मोठे.

आजींना आम्ही दाराशी बसवून ५० वर पुन्हा फोटो काढला. नातवाने तो मोठा करून मागितला आहे.