सात मीटरांवरून परत

गेल्या वैशाखांत आम्ही जपानास जाऊन तेथील समुद्रांत बुडी मारून आलों, हें वृत्त आप्तेष्टांत पसरलें तेव्हां पुष्कळांनीं प्रथम आमच्या प्रकृतीची व नंतर आमच्या बुद्धीची चौकशी केली. वयाची पासष्टी जवळ आलेली, चौतीस वर्षें खडू झिजविण्यांत गेलेलीं, पोहणें काय तें नदीच्या डोहांतलें. अशा मनुष्यानें पाठीवर हवेची टाकी बांधून परमुलखाच्या समुद्रांत कां उतरावें, हा प्रश्न कांहीं गैर नव्हता. आमच्या मातु:श्रींनीं तर निघतेवेळीं स्पष्टच विचारलें, "समुद्र ओलांडतोस तेवढें पुरें नाहीं काय? त्याच्या पोटांत कशाला शिरतोस?" सूनबाईंनीं मात्र कांहीं न बोलतां आमच्या पेटींत मेतकुटाचा डबा व तिळाची चटणी भरून दिली. त्या मेतकुटाचे उपकार पुढें कळले. कारण जपानांतील साध्या दिसणाऱ्या कढणांतहि बहुधा मासळीचा अर्क असतो, आणि आमच्यासारख्या शाकाहाऱ्यास भात व लोणचें यांवाचून फारसा आधार राहत नाहीं.

आम्ही एकंदर चौघे होतों. शाळेपासूनचे दोन स्नेही, एक डॉक्टर व एक वकील, तिसरे आम्ही, आणि चौथा आमचा एक जुना विद्यार्थी. हा योकोहामास अभियंता आहे व सुटीच्या दिवशीं समुद्रांत उतरण्याचा त्यास नाद आहे. त्याच्याच आग्रहावरून दोन वर्षांपूर्वीं आम्हां तिघां वृद्धांनीं मालवणजवळ तारकर्लीस या विद्येचा श्रीगणेशा केला होता.

या विद्येस 'स्कूबा' म्हणतात. १९४३ सालीं फ्रान्समध्यें कूस्तो व गान्यां या दोघांनीं जें श्वसनयंत्र सिद्ध केलें, त्यावर ती मुख्यत: उभी आहे. टाकींत हवा सुमारें २०० पट दाबानें कोंडलेली असते, आणि तोंडांत धरलेलें यंत्र आपण ज्या खोलीवर असूं तेथील दाबाइतकीच हवा श्वासागणिक पुरवितें. जमिनीवर आपल्या अंगावर वातावरणाचा एक भार असतो; पाण्यांत दर १० मीटरांस तसाच आणखी एक भार वाढतो. म्हणजे १० मीटरांवर दाब दुप्पट, २० मीटरांवर तिप्पट. वरून नेलेला फुगा १० मीटरांवर निम्मा होतो. उलट तेथें भरलेला फुगा वर आणला तर दुप्पट होऊन फुटूं पाहतो. आपलीं फुप्फुसें हीं असे फुगेच होत. म्हणून या विद्येचा पहिला नियम असा कीं, श्वास कधींहि रोखून धरूं नये. मुंजीपासून पूरक, कुंभक व रेचक घोकलेल्या आम्हांस येथें कुंभक सर्वथा वर्ज्य आहे हें ऐकून मोठी मौज वाटली.

दुसरा नियम, जोडीनें उतरावें व जोडीनेंच वर यावें. तिसरा नियम असा कीं, जोडीपैकीं कोणीहि, केव्हांहि, कारण न सांगतां अंगठा वर करून बुडी संपवूं शकतो. पाण्याखालीं वर केलेला अंगठा म्हणजे 'छान' नव्हे, तर 'वर चला'. 'सर्व ठीक' म्हणावयाचें तर अंगठा व तर्जनी जुळवून वर्तुळ करतात. अंगठा दिसतांच जोडीदारानें वाद न घालतां वर यावयाचें, आणि किनाऱ्यावर आल्यावरहि त्यास जाब विचारावयाचा नाहीं. हे तिन्ही नियम आम्हांस मुखोद्गत होते. परंतु पाठ असणें आणि अंगीं असणें यांत अंतर किती, तें ओसेझाकी येथें कळलें.

ओसेझाकी हें स्थळ इझु द्वीपकल्पाच्या पश्चिम अंगास, नुमाझु शहराच्या हद्दींत आहे. समोरचा सुरुगा उपसागर जपानांतील सर्वांत खोल. त्याची खोली सुमारें २,५०० मीटर भरते. या उपसागरांत जमिनीचें एक बोट पुढें आलें असून त्याच्या टोंकाशीं 'ब्याकुशिन' नांवाच्या जुनाट, पीळदार खोडांच्या वृक्षांची राई आहे. ही राई १९३२ पासून राष्ट्राचा नैसर्गिक ठेवा म्हणून संरक्षित आहे. राईंत दर्यावर्दी लोकांच्या दैवताचें स्थान आहे, आणि जवळच गोड्या पाण्याचें एक तळें आहे. चहूंकडे खारा समुद्र हांकेच्या अंतरावर असतां या तळ्यांत गोड्या पाण्यांतले मासे सुखानें नांदतात. आकाश निवळलें म्हणजे उपसागराच्या पलीकडे फुजी पर्वत दिसतो. आम्ही गेलों तेव्हां मे महिना उतरणीस लागला होता, तरी त्याच्या माथ्यावर बर्फ होतें.

पहिल्या दिवशींची बुडी निर्विघ्न पार पडली. पाणी १९ अंशांचें, म्हणजे आपल्या कोंकणच्या समुद्रापुढें चांगलेंच थंड. पण जाड रबरी पोषाखानें निभावलें. १२ मीटरांपर्यंत गेलों. बोटभर लांबीच्या गर्द निळ्या माशांचा एक थवा आमच्या अंगावरून असा गेला, कीं कोणीं निळीच्या पुडीवर फुंकर घातली असें वाटावें. खडकाच्या फटींतून एक वाम तोंड उघडून आमच्याकडे पाहत होती. तांबडा रंग मात्र कोठेंच दिसेना. पाणी प्रकाशांतील तांबडा भाग प्रथम शोषून घेतें, हें आम्हीं वर्गांत कितीदां तरी सांगितलें होतें. परंतु विद्यार्थ्यानें विजेरी लावतांच करडा खडक एकदम कुंकवासारखा लाल झाला, तेव्हां आम्हांस तें प्रथमच समजलें असें म्हणावयास हरकत नाहीं.

त्या रात्रीं आम्हांस पडसें आलें. सकाळीं नाक चोंदलें होतें. पडसें असतां उतरूं नये, हेंहि आम्ही जाणून होतों. परंतु चार हजार मैलांहून अधिक प्रवास करून आलेलों. डॉक्टर व वकील पोषाख चढवून तयार. आणि ज्याला आम्हीं भूमिति शिकविली तो मुलगा आमची टाकी तपासून देत उभा. आम्हीं तोंडांतून अक्षर काढलें नाहीं.

कानाच्या पडद्याआडची पोकळी एका बारीक नळीनें घशाशीं जोडलेली असते. खालीं जातांना बाहेरचा दाब वाढतो. तेव्हां नाक दाबून हलकेच फुंकलें म्हणजे त्या नळींतून हवा आंत जाऊन पडद्याच्या दोन्ही अंगांस समतोल होतो. पडशानें नळी बंद असेल तर तो होत नाहीं. तीन मीटरांवर आमचा उजवा कान दुखूं लागला. फुंकून पाहिलें, व्यर्थ. तेथेंच थांबावयास हवें होतें, पण उतरत राहिलों. सात मीटरांवर कानांत तापली सुई खुपसावी तशी कळ आली. इतक्यांत विद्यार्थ्यानें वळून 'सर्व ठीक?' अशी खूण केली, आणि आम्हीं, चौतीस वर्षें मुलांस सत्याचा महिमा सांगितलेल्या आम्हीं, अंगठा व तर्जनी जुळवून 'ठीक' असें उत्तर दिलें.

तो जवळ आला. कांचेआडून त्यानें आमच्या डोळ्यांकडे पाहिलें, आमचें मनगट धरलें, आणि आपला अंगठा वर केला. आम्ही हळूहळू वर आलों. जोडीचा नियम म्हणून त्याचीहि बुडी तेथेंच संपली.

किनाऱ्यावर बराच वेळ कोणी बोललें नाहीं. शेवटीं आम्हींच क्षमा मागितली. तो म्हणाला, "सर, आपण वर्गांत सांगत असां कीं, ज्याला समजलें नाहीं त्यानें हात वर करावा, त्यांत लाज नाहीं. येथें फक्त अंगठा वर करावयाचा असतो." त्याच्या बोलण्यांत टोमणा नव्हता. पण तें ऐकून आमच्या मनांत निराळाच विचार आला. आम्ही तसें सांगत होतों खरें. परंतु हात वर करणाऱ्या मुलाकडे आम्ही कोणत्या नजरेनें पाहत होतों? आमच्या वर्गांत किती मुलांनीं, कान फाटावयाची वेळ आली तरी, 'समजलें' म्हणून मान डोलावली असेल?

दुपारीं डॉक्टरांनीं कान तपासला. पडदा लाल झाला होता, फाटला नव्हता. आणखी दोन मीटर गेलों असतों तर काय झालें असतें तें त्यांनीं सांगितलें नाहीं. पण पुढील बुड्या बंद केल्या. राहिलेले दोन दिवस आम्हीं ब्याकुशिनच्या राईंत बसून काढले.

नंतर आम्ही मिशिमाहून शिंकान्सेनने नागोया व तेथून दुसऱ्या आगगाडीनें तोबा येथें गेलों. तोबा व शिमा या भागांत 'आमा' म्हणजे बुडी मारणाऱ्या स्त्रिया आहेत. टाकी नाहीं, यंत्र नाहीं. एका दमांत तळाशीं जाऊन लोखंडी पहारेसारख्या हत्यारानें 'आवाबी' नांवाचा कानाच्या आकाराचा मोठा शिंपला खडकावरून सोडवून आणावयाचा. एक दम साधारण ५० सेकंदांचा. स्कूबांत वर्ज्य असलेला कुंभक येथें सर्वस्व आहे, आणि त्यांत विरोध नाहीं. कारण आमा वरचीच हवा घेऊन जाते, ती खालीं आकसते व वर येतांना मूळ मापापलीकडे फुगत नाहीं. वर आल्यावर ती ओठ आवळून श्वास सोडते, त्याची शीळ वाजते. तिला 'इसोबुए' म्हणतात. १९९६ सालीं सरकारनें देशांतील जतन करण्याजोगे शंभर ध्वनि निवडले, त्यांत ही शीळ आहे; आणि २०१७ सालीं या स्त्रियांच्या विद्येस राष्ट्रीय सांस्कृतिक ठेव्याचा मान मिळाला. परंतु मान वाढत असतां संख्या ओसरत आहे. १९५६ च्या सुमारास देशभर सुमारें १७,००० आमा होत्या. २०१० च्या मोजणींत त्या २,००० च्या आसपास आल्या. आवाबी कमी झाला, समुद्रांतील शेवाळाचीं वनें विरळ झालीं, आणि मुलींस इतर उद्योग मिळूं लागले.

ओसात्सु गांवांत एका आमेच्या झोंपडींत आम्हांस बसावयास मिळालें. मध्यें विस्तव, भोंवतीं ओले पोषाख वाळत घातलेले. बाईंचें वय चौऱ्याहत्तर. आम्ही मासळी खात नाहीं हें कळतांच त्यांनीं तांदुळाची वडी निखाऱ्यावर भाजून दिली. त्यांच्या डोकीच्या फडक्यावर दोन चिन्हें शिवलेलीं होतीं. एक हात न उचलतां काढलेला पंचकोनी तारा. ज्या बिंदूपासून रेषा निघते तेथेंच ती परत येते, तशी बुडणारी परत यावी. दुसरें जाळीचें, त्याच्या अनेक डोळ्यांनीं तिच्यावर पहारा ठेवावा.

विद्यार्थ्यास दुभाषी करून आम्हीं विचारलें कीं, या कामांत सर्वांत अवघड काय? थंडी किंवा खोली असें उत्तर येईल अशी अपेक्षा होती. त्या म्हणाल्या, "परत फिरणें. दम संपत आला कीं नेमका मोठा आवाबी दिसतो. मन म्हणतें, एवढा एकच. तो सोडून यावयास शिकले नाहीं, ती या धंद्यांत म्हातारी होत नाहीं."

मग त्यांनीं एक मोजपट्टी दाखविली. १०.६ सेंटिमीटरांहून लहान आवाबी आढळला तर तो पुन्हां समुद्रांत सोडावा लागतो. टाकी लावून आवाबी काढण्यास बंदी आहे, आणि बुड्यांचे दिवस व तास गांवानें ठरवून दिलेले आहेत. टाकी लावली तर एका दिवसांत दहा दिवसांचें मिळेल, हें त्यांस कळत नाहीं असें नाहीं. पुढील पिढीस कांहीं उरावें म्हणून त्यांनीं आपला दमच आपली मर्यादा ठरविली आहे.

आम्हीं भीतभीत आपल्या कानाची हकीकत सांगितली. त्या मनापासून हंसल्या व म्हणाल्या, "पडसें आलें कीं मी उतरत नाहीं. समुद्र कोठें पळून जातो काय?"

घरीं आल्यावर रात्रीं जेवणें आटोपून सर्व मंडळी ओसरीवर बसली असतां आम्हीं ही कथा, स्वत:च्या खोट्या खुणेसह, सांगितली. नातवंडांस अंगठ्याची खूण फार आवडली. मातु:श्री एवढेंच म्हणाल्या, "लवकर शहाणा झालास."

यास दोन महिने झाले. श्रावणांतील एका शुक्रवारीं घरांत पंचवीस पानें व्हावयाचीं होतीं. पुरणाचा घाट घातलेला, पाहुण्यांचा राबता, आणि सूनबाई पहांटेपासून चुलीपाशीं. आम्ही सहज दारांत जाऊन "सर्व ठीक ना?" असें विचारलें. लग्न होऊन या घरांत आल्यापासून बारा वर्षें या प्रश्नास त्यांचें उत्तर ठरलेलें होतें. त्या दिवशीं त्यांनीं क्षणभर आमच्याकडे पाहिलें, आणि पुरणानें माखलेला अंगठा वर केला.

आम्हीं कारण विचारलें नाहीं. मुलास हांक मारून चुलीपाशीं बसविलें, वकिलांस दूरध्वनि करून त्यांच्या ओळखीच्या आचाऱ्यास बोलावून घेतलें, आणि सूनबाई आंत जाऊन निजल्या. अंगांत ताप होता, तो तीन दिवसांपासून होता, हें मागाहून कळलें. आचाऱ्याचें पुरण जरा सैल झालें होतें. पंचवीसांपैकीं कोणीं तसें बोलून दाखविलें नाहीं.