पोटाचं झालं, पाठीचं झालं... आणि 'तिथलं'?

झुंबाच्या क्लासमध्ये जम्पिंग जॅक्स सुरू झाले, की हळूच मागच्या रांगेत सरकणारी एखादी तरी असतेच. शिंक येणार म्हटलं की पाय आवळून उभी राहणारीही. 'बाळंतपणानंतर होतंच असं' म्हणायचं आणि बॅगेत पॅड ठेवायचं. बोलणार कुणाशी?

या न बोलण्याची किंमत विदर्भाला ठाऊक आहे. वर्ध्याला खेटून असलेल्या पिपरी मेघेपासून सेवाग्राम फारसं लांब नाही. डॉ. राणी बंग आणि तिथेच बालपण गेलेले डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले: ९२ टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग होता, पण त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के! ती खेड्यातली गोष्ट होती खरी. पण एसी ऑफिसात बसणाऱ्या आपण तरी कुठे तोंड उघडतो?

तर मुद्दा स्नायूंचा. पुढच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. तिलाच पेल्विक फ्लोअर म्हणतात. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय यांना आधार तिचाच. गरोदरपण, बाळंतपण, जुनाट बद्धकोष्ठता, मेनोपॉज यांनी ती सैलावते. मग लघवी गळते, कधी 'अंग बाहेर येतं'. ऑरगॅझमच्या वेळी लयीत आकुंचन पावतात तेही हेच स्नायू. त्यामुळे त्यांची ताकद गेली की सेक्समधली मजाही कमी होऊ शकते.

अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली यावरचा व्यायाम मांडला. (हठयोगातला मूलबंध याच्या जवळचाच, पण त्याचा हेतू वेगळा.) करायचं काय? गॅस अडवताना आवळतो तसं आतून वर ओढायचं, पाच सेकंद धरायचं, तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचं. असं दहादा, दिवसातून तीन वेळा. श्वास रोखायचा नाही, पोट आणि मांड्या ढिल्या. लघवी करताना मधेच थांबवून सराव मात्र नको. मीटिंगमध्ये बसल्या बसल्या करा, बॉसला कळणारही नाही! फरक दिसायला तीनेक महिने लागतात. लघवी गळण्यावर याचा उपयोग चांगलाच सिद्ध झालाय. सेक्सच्या बाबतीत काहींना फायदा होतो, सगळ्यांना नाही.

आणि एक 'पण'. संबंधांच्या वेळी दुखत असेल, तर स्नायू सैल नसून उलट जास्त आवळलेले असू शकतात. अशा वेळी केगल केलं तर दुखणं वाढेल; शिकायला हवं ते सैल सोडणं. म्हणून आधी तपासणी. २०१२ साली 'टाइटनिंग'च्या जेलची एक जाहिरात बरीच गाजली होती. असली क्रीम्स स्नायूंना ताकद देत नाहीत. पैसे वाचवा.

पिपरी मेघेच्या मैत्रिणींना यासाठी नागपूर गाठायला नको. सेवाग्राम आणि सावंगी मेघे, दोन्हीकडे मेडिकल कॉलेजची रुग्णालयं आहेत. स्त्रीरोग विभागात जा, पेल्विक फ्लोअर फिजिओथेरपीबद्दल विचारा. आणि डॉक्टरसमोर बसल्यावर 'कंबर दुखते' एवढ्यावरच थांबू नका.